नवं सील, तोच डाग

जुन्या गाडीखाली ऑइलचा डाग दिसला म्हणून इंजिनाच्या फिरत्या शाफ्टभोवतीचं रबरी सील बदललं, चार महिने जमीन कोरडी राहिली आणि पाचव्या महिन्यात डाग परत हजर, की निदान ठरलेलं: सील डुप्लिकेट निघालं, नाहीतर मेकॅनिकने नीट बसवलं नाही. कधीकधी तसं असतंही. पण बऱ्याचदा सील बिचारं धडधाकट असतं. त्याच्या आतल्या बाजूने केवढा दाब येतोय आणि ते ज्या शाफ्टवर बसलंय त्याचा पृष्ठभाग कसा आहे, हे कोणी बघितलेलंच नसतं.

त्याआधी ऑइल नेमकं कुठून येतंय, ते पक्कं करायला हवं. ऑइल ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे रेटलं जातं. त्यामुळे थेंब जिथून पडतो तिथेच गळती असेल असं नाही. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून झिरपलेलं ऑइल इंजिनाच्या पाठीवरून उतरतं, बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या कवचाच्या) खालच्या सांध्यातून ठिबकतं आणि आळ येतो क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, मागच्या सीलवर. ते सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. टॅपेट कव्हरचं गॅस्केट मात्र बऱ्याच इंजिनांत तासा-दोन तासांत बदलून होतं.

म्हणून इंजिन थंड असताना डीग्रीझरने धुऊन कोरडं करा. चार-पाच लिटर ऑइलमध्ये साधारण 30 मिलिलिटर फ्लुरोसंट डाय टाका, तीस-चाळीस किलोमीटर गाडी चालवा आणि अंधारात 365 ते 395 नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चने वरून खाली बघत या. हिरवट-पिवळी चमक जिथे सगळ्यात उंचावर आणि सगळ्यात पुढे दिसते, ती खरी जागा. डाय नसेल तर धुतलेल्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरली तरी ओली रेघ उमटते. खाली वाकायचं असेल तर गाडी जॅक स्टँडवरच हवी, नुसत्या जॅकवर नको.

ऑइलचा एक थेंब साधारण 0.04 मिलिलिटरचा, म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे 25 हजार थेंब. डाग मोठा दिसला तरी डिपस्टिकवर फरक जाणवत नाही तो यामुळे. पण तेच ऑइल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडत असेल तर धूर होतो, आगही लागू शकते. टायमिंग बेल्टवर पडत असेल तर बेल्टचं रबर फुगून सैल पडतं. या दोन जागांची गळती पुढे ढकलू नये.

आता दाब. सिलिंडरमध्ये पेटलेल्या वायूंचा थोडासा भाग पिस्टन रिंगांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या बंद पोकळीत, उतरतो. नव्या इंजिनातही उतरतो, जुन्यात जास्त. त्याला वाट काढून दिली नाही तर क्रँककेस फुगवलेल्या फुग्यासारखं होतं. वाट काढायचं काम पीसीव्ही व्हॉल्व्हचं, म्हणजे हे वायू परत इंजिनाच्या इनटेककडे सोडणाऱ्या झडपेचं. पेट्रोल इंजिन आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालू, असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) जोरदार ओढ असते. ती स्प्रिंगवरचा दट्ट्या खेचून वाट अरुंद करते. थ्रॉटल उघडला की ओढ कमी होते, स्प्रिंग दट्ट्या मागे ढकलते आणि वाट मोठी होते. म्हणजे वायू कमी असताना रस्ता लहान, जास्त असताना मोठा. हा छोटासा भाग काजळी आणि मळीने चिकटला, की क्रँककेसमधला दाब सर्वात कमजोर सांध्यातून बाहेर पडतो आणि येताना ऑइल घेऊन येतो. एक सील बदललं की पाळी पुढच्या कमजोर सीलची. ‘पुन्हापुन्हा गळतं’ या तक्रारीचं मूळ अनेकदा इथेच सापडतं.

तपासणी सोपी आहे. आयडलवर हा पीसीव्ही व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमधून उपसून त्याच्या तोंडावर बोट ठेवा, ओढ जाणवली पाहिजे. इंजिन बंद करून व्हॉल्व्ह हलवला तर साध्या स्प्रिंगवाल्या प्रकारात आतला दट्ट्या खुळखुळतो. जोडीचा रबरी पाइप आतून बसलेला किंवा तडकलेला नाही ना, तेही बघा. आणखी खात्री हवी असेल तर पारदर्शक नळी यू आकारात उभी बांधून तिच्यात थोडं रंगीत पाणी भरा आणि इंजिन आयडलवर असताना एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवा. इंजिनाकडच्या बाजूचं पाणी किंचित वर चढलं तर आत हलकी ओढ आहे, ठीक. खाली ढकललं गेलं तर दाब आहे. दोन बाजूंच्या पातळीत 10 सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे 1 किलोपास्कल. इंजिनाकडची बाजू उंच ठेवा. काही इंजिनांत व्हॉल्व्हचा पडदा फाटला की उलट अतोनात ओढ निर्माण होते आणि पाणी आत जाऊ शकतं, म्हणून पाणी भराभर चढू लागलं तर नळी लगेच काढा. व्हॉल्व्ह नवा बसवूनही दाब राहिला तर कॉम्प्रेशन टेस्ट करावी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजावा. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकल्यावर आकडा चांगलाच वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, आणि मग सीलं बदलत बसणं व्यर्थ.

दाब ठीक असेल तर मात्र सीलकडेच यावं लागतं. क्रँकशाफ्टचं सील म्हणजे शाफ्टला घट्ट मिठी मारून ऑइल अडवणारी रबरी कडी, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. रबर खरोखर कोरडं घासत राहिलं तर काही मिनिटांत जळेल. 80 मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट मिनिटाला 3000 फेरे घेतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग सीलच्या ओठाखालून सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने पळत असतो, म्हणजे ताशी 45 किलोमीटर. ओठ टिकतो तो त्याच्या आणि शाफ्टच्या मध्ये ऑइलचा एक-दोन मायक्रॉनचा थर असतो म्हणून. असा थर असतो हे सीलचे अभ्यासक ई. टी. जॅगर यांनी 1957 मध्ये प्रयोगांतून दाखवलं. मग प्रश्न पडतो: ओठाखाली ऑइल आहे, तर ते पलीकडे गळत का नाही?

उत्तर ओठाच्या तिरकस आकारात आहे. सील कापून पाहिलं तर ऑइलकडचा उतार चढा दिसतो, साधारण 45 अंशांचा, आणि हवेकडचा सौम्य, साधारण 25 अंशांचा. ओठामागची गोल स्प्रिंगही किंचित हवेच्या बाजूला सरकवलेली असते. त्यामुळे जेमतेम 0.1 मिलिमीटर रुंदीच्या स्पर्शपट्टीत सर्वात जास्त दाब मधोमध पडत नाही, ऑइलच्या बाजूला पडतो. सुरुवातीच्या काही तासांत रबराचा वरचा थर झिजून त्यावर सूक्ष्म उंचवटे तयार होतात. फिरता शाफ्ट त्यांना आपल्या दिशेने ओढतो, आणि जिथे दाब जास्त तिथे ओढ जास्त. म्हणून आडवी असलेली प्रत्येक बारीक वरंबी मध्ये ताणली जाऊन बाणाच्या टोकासारखी वाकते. टोक ऑइलच्या बाजूला सरकलेलं असल्याने बाणाची एक भुजा आखूड, दुसरी लांब. आखूड भुजा ऑइल बाहेर ढकलते, लांब भुजा आत. लांब भुजा जिंकते. थोडक्यात, सीलचा ओठ हा हजारो सूक्ष्म पात्यांचा पंप आहे आणि तो गळू पाहणारं ऑइल सतत मागे लोटतो. धावत्या सीलच्या हवेकडच्या बाजूला ऑइलचा थेंब लावला तर तो आत शोषला जातो. आणि तेच सील उलटं बसवलं तर ते इमानेइतबारे ऑइल बाहेर उपसून टाकतं!

एवढं कळलं की म्हातारं सील का गळतं तेही कळतं. उष्णतेने रबर कडक होतं, उंचवटे घासून गुळगुळीत होतात, वाकायला काही उरत नाही. पंप बंद पडतो.

आणि नवं सील का गळतं, तेही. जुन्या ओठाने वर्षानुवर्षं एकाच जागी घासून शाफ्टवर बारीक खाच पाडलेली असते. नख आडवं फिरवलं आणि ते अडखळलं तर नवा ओठ त्या खाचेत नीट बसत नाही. हाउसिंगमध्ये जागा असेल तर सील एक-दीड मिलिमीटर कमी-जास्त खोल बसवून ओठ कोऱ्या पट्टीवर आणता येतो, फक्त मागचं ऑइल परतीचं भोक बुजता कामा नये. जागा नसेल तर शाफ्टवर पाव मिलिमीटर जाडीची स्टीलची स्लीव्ह चढवावी.

सर्वात मोठी चूक पॉलिश पेपरची. शाफ्ट ‘साफ’ करताना पेपर गोल फिरवता फिरवता पुढेमागे सरकवला की पृष्ठभागावर अतिसूक्ष्म आटे पडतात. डोळ्यांना फक्त चमक दिसते. पण आट्यांची दिशा उलटी असेल तर शाफ्ट स्वतःच स्क्रूसारखा ऑइल बाहेर काढतो आणि ओठाचा पंप हरतो. पेपर वापरायचाच तर 600 नंबरचा, एका जागी स्थिर धरून, शाफ्ट फिरवत. आरशासारखी चकाकीही नको, कारण तिथे ऑइलचा थर टिकत नाही.

बसवताना रबरी ओठाला ऑइल लावायचं. पण टेफ्लॉनच्या ओठाचं सील असेल तर अगदी उलट: ओठ आणि शाफ्ट दोन्ही कोरडे, सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या कड्यावरूनच चढवायचं आणि ओठाला शाफ्टचा आकार घ्यायला निदान चार तास द्यायचे, मगच स्टार्टर. काळ्या रबराच्या सवयीने हे सील ऑइल लावून बसवलं, की ते पहिल्याच आठवड्यात परत येतं.

टॅपेट कव्हरचं दुखणं वेगळं, तिथे काही फिरत नाही. बोल्ट सहसा 8 ते 10 न्यूटन-मीटरचे, मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने. ‘अजून थोडं आवळू’ म्हटलं की पत्र्याचं कव्हर बोल्टांपाशी दबतं आणि दोन बोल्टांमध्ये उचलतं. फटीतून वाहणारं ऑइल फटीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे फट दुप्पट तर गळती आठपट. फट बुजवणारी सिलिकॉनची पेस्ट फक्त कोपऱ्यांत आणि टायमिंग कव्हरच्या सांध्यावर, डाळीच्या दाण्याएवढी. जास्त लावली तर आत सुटलेले तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पिकतं, तेव्हा पूर्ण एक दिवस इंजिन चालू करू नये.

गळती थांबवणाऱ्या ‘चमत्कारी’ बाटल्यांत बहुधा रबर फुगवणारी रसायनं असतात. कडक झालेलं सील त्यांनी काही काळ मऊ होतं हे खरं. पण शाफ्टवरची खाच भरत नाही, चिकटलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह उघडत नाही, आणि धडधाकट सीलंही त्याच डोसाने फुगतात. सिंथेटिक ऑइलने गळती सुरू होते हा समजही जुन्या काळातला. सुरुवातीच्या काही सिंथेटिक ऑइलांनी सील आकसत असे, पुढे मिश्रणात एस्टर घालून तो दोष काढला गेला.

काम झाल्यावर तो भाग पुन्हा धुवा. जुना डाय फटींत अडकून राहतो आणि टॉर्चखाली नवी गळती असल्यासारखा चमकतो.