साडेआठ कोटी टन म्हणजे किती टेराग्राम?

न्हावा-शेवाच्या जेएनपीए बंदरातून २०२३-२४ मध्ये साडेआठ कोटी टनांहून थोडी जास्त मालवाहतूक झाली. बंदराच्या इंग्रजी अहवालात तीच ८५ दशलक्ष टन होते आणि कार्बनचा हिशेब ठेवणारा शास्त्रज्ञ तिला ८५ टेराग्राम म्हणेल. या घोळाचं मूळ अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये आहे.

१७९३ मध्ये तिथे एक लिटर पाण्याच्या वजनाला ‘ग्राव’ म्हणत. दोनच वर्षांत कायदा बदलला आणि ग्राम हे मूळ एकक झालं. पण एवढंसं प्रमाण-वजन अचूक घडवणार कोण? म्हणून १७९९ मध्ये प्लॅटिनमचं प्रमाण घडवलं ते किलोग्रामचं. तेव्हापासून मूळ एककाच्या नावातच ‘किलो’ हा हजार दाखवणारा उपसर्ग बसलाय. त्यावर आणखी उपसर्ग चढवता येत नाही, मोठी नावं ग्रामलाच जोडावी लागतात: मेगाग्राम म्हणजे एक टन, गिगाग्राम हजार टन, टेराग्राम दहा लाख टन, पेटाग्राम शंभर कोटी टन. टन खरा एसआय या आंतरराष्ट्रीय एकक-पद्धतीबाहेरचा, पण चालवून घेतलेला. तोही हेच उपसर्ग लावतो. त्यामुळे पेटाग्राम आणि गिगाटन एकच.

गिगा, टेरा १९६० मध्ये आले, पेटा १९७५ मध्ये. २०२२ मध्ये रोना (एकावर २७ शून्यं) आणि क्वेटाची (३० शून्यं) भर पडली. पृथ्वी साधारण सहा रोनाग्रामची.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं लागू होऊ लागली. त्याआधी मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा, तर बंगालचा ३७.३ किलोचा. इंग्रजी टन १,०१६ किलोंचा. त्याच्याशी गल्लत नको म्हणून कागदोपत्री ‘मेट्रिक टन’ लिहितात. वाशीच्या एपीएमसीत भाव क्विंटलचा, कापूस मात्र अजून ३५६ किलोंच्या खंडीने विकला जातो.

माझ्या मते खरी अडचण ग्रामची नाहीच. उपसर्ग हजारा-हजाराने चढतात, आपले लाख-कोटी शंभरा-शंभराने. एक लाख टन म्हणजे १०० गिगाग्राम, एक कोटी टन म्हणजे १० टेराग्राम. नेमकं बसणारं नाव एकालाही नाही. भारताचे हरितगृह वायूंचे राष्ट्रीय तक्ते गिगाग्राममध्ये असतात, बातमीत तेच कोटी टनांत येतात. त्यातही आकडा नुसत्या कार्बनचा की कार्बन डायऑक्साइडचा, हे आधी बघावं: एक पेटाग्राम कार्बन म्हणजे ३.६७ गिगाटन कार्बन डायऑक्साइड, तिथे शून्यं सरकवून भागत नाही.