पेटी शाबूत, ड्रोन मोडलेला

मागच्या महिन्यात भाच्यानं व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवले. पहिल्यात त्याची काळी हार्ड केस, कोपऱ्यावर जेमतेम नखाएवढा पांढरा चरा. दुसऱ्यात ड्रोन, आणि त्याच्या नाकापाशी कॅमेरा एका चपट्या केबलवर लोंबकळतोय. खाली एकच ओळ: "मामा, पेटीला काहीच झालं नाही, मग हा कसा तुटला?"

तो लग्नांचं आणि रिसॉर्टच्या जाहिरातींचं चित्रीकरण करतो. ड्रोन मॅविक ३, म्हणजे लाखांतली वस्तू. पेटी टेम्पोच्या फाळक्यावरून कोब्यावर पडली, उंची फार तर ८० सेंटिमीटर. विकताना दुकानदारानं तीच पेटी जमिनीवर आपटून आणि वर उभं राहून दाखवली होती. पेटी खरोखरच भक्कम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण रिकामी पेटी आपटून दाखवणं म्हणजे हेल्मेटची जाहिरात डोक्याशिवाय करणं.

हिशेब नववीच्या पुस्तकातलाच आहे. ८० सेंटिमीटरवरून पडणारी वस्तू ०.४ सेकंदात जमिनीवर येते आणि तेव्हा तिचा वेग सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी १४ किलोमीटर असतो. सायकल चालवावी तसा. एवढ्या वेगानं कुणाचं काही मोडत नाही. मोडतोड होते ती थांबताना, आणि किती अंतरात थांबलात यावर सगळं अवलंबून असतं. ढोबळ सूत्र सोपं आहे: पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतरानं भागा, गुरुत्वाच्या कितीपट झटका बसला ते कळतं. २ मिलिमीटरमध्ये थांबलात तर ८०० भागिले २, म्हणजे ४०० पट. समजा कॅमेऱ्याचा गोळा १०० ग्रॅमचा आहे. त्या क्षणी तो गिंबलच्या, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेच्या, काडीएवढ्या मानेला ४० किलोचा वाटतो. तेच ३ सेंटिमीटरमध्ये थांबलात तर २७ पट. ४० किलोचे पावणेतीन किलो होतात.

आपल्याकडे हे कोकणातल्या बागायतदाराला सांगावं लागत नाही. हापूसची पेटी लाकडी, खिळे ठोकलेली असते. ती चेपू नये आणि एकावर एक रचता यावी म्हणून तशी. पण आत आंबा वाचवतो तो भाताचा पेंढा. पेंढ्याशिवायची पेटी कितीही भक्कम करा, मुंबईला पोचेपर्यंत आंबे डागाळणारच. ड्रोनच्या पेटीतही टणक कवच चेपण्यापासून, टोकदार वस्तूंपासून आणि पाण्यापासून वाचवतं. आपटण्यापासून वाचवण्याचं काम पेंढ्याचं, म्हणजे फोमचं.

आता फोमकडे येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला यातलं हेच सर्वांत आवडतं. प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून बोटानं दाबा. आधी ती दाद देत नाही. जोर वाढवला की एका क्षणी कच खाते आणि बाकदार होते. गंमत पुढे आहे: एकदा कच खाल्ल्यावर तिला आणखी वाकवायला जवळजवळ तेवढाच जोर पुरतो, वाढवावा लागत नाही. फोम म्हणजे अशा लाखो सूक्ष्म फूटपट्ट्या. त्याच्या पोकळ्यांच्या भिंती आधी थोडा ताठरपणा दाखवतात, मग एकेक थर कच खात जातो आणि त्या सगळ्या काळात विरोधाचा जोर साधारण सपाट राहतो. शेवटी भिंती भिंतींना टेकतात, फोम 'तळाला लागतो' आणि लाकडासारखा कडक होतो.

मधला सपाट टप्पा हाच खरा माल. स्प्रिंगमध्ये जोर हळूहळू वाढत शेवटी सरासरीच्या दुप्पट होतो. फोममध्ये तो सपाट असल्यामुळे तेवढीच ऊर्जा कमी कमाल जोरात जिरते. शिवाय स्प्रिंग घेतलेली ऊर्जा परत देऊन वस्तू उडवते. फोम त्यातली बरीचशी उष्णतेत घालवून टाकतो. पेंढ्याच्या पोकळ काड्याही अशाच कच खातात. पपनसाची जाड पांढरी सालही याच जातीची. ते वजनदार फळ १० मीटरवरून पडूनही अनेकदा फुटत नाही, म्हणून जर्मनीत फ्रायबर्गच्या संशोधकांनी त्या सालीची रचना बारकाईनं तपासली आहे.

पण सपाट टप्पा तेव्हाच मिळतो, जेव्हा वस्तूचा भार भिंतींना कच खायला लावण्याइतका असतो. भाच्याची पहिली चूक इथे होती. "घट्ट बसलं पाहिजे" म्हणून त्यानं मूळचा मऊ फोम काढून योगा मॅटसारखा टणक फोम भरला होता. ड्रोन ८९५ ग्रॅमचा. मिटल्यावर त्याचा तळ साधारण २२ बाय साडेनऊ सेंटिमीटर. भार भागिले क्षेत्रफळ काढलं तर दाब येतो ०.४ किलोपास्कल. अशा दाट पॉलिइथिलीन फोमला नीट काम करायला याच्या कितीतरी पट, काही किलोपास्कल दाब लागतो. म्हणजे हलक्या ड्रोनसाठी तो फोम फरशीच होता. पॅकिंगचे अभियंते याचा आलेख काढतात: आडव्या अक्षावर हा स्थिर दाब, उभ्या अक्षावर बसलेला कमाल झटका. वक्र इंग्रजी 'यू'सारखा येतो. डावीकडे वस्तू फोमसाठी फार हलकी, फोम दबतच नाही. उजवीकडे फार जड, फोम तळाला लागतो. आपल्याला मधली खोलगट जागा हवी. तिथे पोचायचे दोन मार्ग: मऊ फोम घ्या, किंवा टेकण्याचं क्षेत्रफळ कमी करा. ड्रोनला सगळ्या अंगानं घट्ट कवटाळण्याऐवजी चार पट्ट्यांवर टेकवला तर दाब वाढतो आणि तोच फोम कामाला लागतो. कमी आधार दिला तर वस्तू जास्त सुरक्षित, हे वर्गात सांगितलं की मुलं माझ्याकडे संशयानं बघतात.

जाडीचंही गणित आहे. फोम त्याच्या जाडीच्या साधारण ५० ते ६० टक्केच उपयोगी दबतो. तेव्हा ३ सेंटिमीटरचं थांबण्याचं अंतर हवं असेल तर ५ सेंटिमीटर फोम लागतो, तोही सहाही बाजूंनी, कारण पेटी कुठल्या बाजूवर पडायचं ते आपल्याला विचारून ठरवत नाही.

दुसरी चूक फोटोतच दिसत होती, ती मला नंतर कळली. झाकणाच्या फोमवर भिंगाचा गोल ठसा उमटला होता. झाकण रोज कॅमेऱ्यावर दाब देत होतं. गिंबल हा बारीक मोटरींवर आणि रबरी गाद्यांवर तरंगणारा जीव; त्याला बाहेरून काहीही टेकता कामा नये. त्याचं प्लॅस्टिकचं आवरण लावायचं, आणि कॅमेऱ्याभोवती फोम नाही, मोकळी हवा ठेवायची. ड्रोन धरायचा तो धडानं.

बाजारात मात्र भलतंच विकलं जातं. 'मिलिटरी ग्रेड' हा शब्द बघा. अमेरिकेचं मिल-एसटीडी-८१० हे चाचण्या कशा घ्याव्यात याचं पुस्तक आहे. त्यातली पाडण्याची चाचणी सव्वा मीटरवरून २६ वेळा, आणि ती पाच नगांत वाटून घेतली तरी चालते. लष्कर कुणाला प्रमाणपत्र देत नाही. कंपनी स्वतःच चाचणी घेते आणि स्वतःच जाहीर करते. सुतारपक्ष्याच्या कवटीत म्हणे निसर्गानं शॉक ॲब्सॉर्बर दिलाय, त्यावरून बेतलेलं पॅकिंग, असंही वाचलं. २०२२ मध्ये अँटवर्पच्या संशोधकांनी वेगवान चित्रीकरण करून दाखवलं की त्याची कवटी झटका जिरवत नाही, ती ताठ हातोडीसारखी चालते. जिरवत बसली असती तर लाकडात भोक कसं पडलं असतं? भाच्याच्या पेटीच्या कडीला लिंबू-मिरची होतीच. तिचं वजन १० ग्रॅम धरलं, हिशेबात फरक पडला नाही.

पेटीवर आयपी६७ लिहिलेलं असतं, म्हणजे धूळ अजिबात नाही आणि १ मीटर पाण्यात अर्धा तास चालेल. पावसाळ्यातल्या कामासाठी हे घ्यावं. पण इतक्या हवाबंद पेटीला दाब समान करणारी झडप हवीच. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांश असतो. तिथे बंद केलेली झडपेविना पेटी मुंबईत उघडायला जाल तर ५० बाय ४० सेंटिमीटरच्या झाकणावर बाहेरून सातशे किलोच्या आसपास भार बसलेला असतो. शाळेतले माग्देबुर्गचे गोलार्ध आठवा, आतली हवा काढल्यावर घोड्यांनाही ओढून वेगळे न करता आलेले. उलट, आत शिरलेली दमट हवाही तिथेच कोंडते, म्हणून सिलिका जेल ठेवा आणि ते अधूनमधून तापवून वाळवा.

विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या पेटीत चालत नाहीत, केबिनमध्येच न्याव्या लागतात. मर्यादा प्रत्येकी १०० वॅट-तास. १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. मॅविक ३ ची १५.४ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास, म्हणजे ७७. मोठ्या इन्स्पायर ३ ड्रोनची ९८.८, हा योगायोग वाटत नाही. तेव्हा बॅटऱ्यांचा कप्पा उचलून वेगळा काढता येईल अशीच पेटी बघा. बॅटऱ्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.

आणि फोम म्हातारा होतो. कपाटात पाच-सहा वर्षं पडलेल्या बुटाचा तळ पहिल्याच दिवशी भुगा होऊन गळतो ना? तेच. काही प्रकारच्या पॉलियुरेथेनची साखळी हवेतल्या ओलाव्यानं तुटत जाते. कोकणच्या हवेत तर लवकरच. बोटाला चिकट लागला किंवा काळी पूड राहिली की बदलायचा.

भाच्यानं आता मऊ फोम आणून ब्रेडच्या सुरीनं नवा साचा कापलाय. ड्रोन दुरुस्तीला गेलाय, म्हणून त्याच्या जागी किलोभर गुळाची ढेप ठेवली आणि कॅमेऱ्याच्या जागी पुढे कच्चं अंडं बांधलं. फोनमधला झटका मोजणारा सेन्सर वापरू म्हणत होता; तो बहुतेकदा ८ किंवा १६ पटीलाच संपतो, म्हणून अंडंच बरं. सपाट पडल्यावर अंडं वाचलं. कोपऱ्यावर पाडल्यावर फुटलं, कारण कोपऱ्याकडचा फोम दोन बोटांचाच ठेवला होता. बलक फोमच्या पोकळ्यांत इतका खोल गेलाय की तो तुकडा टाकूनच द्यावा लागला. रविवारी पुन्हा कापणार आहे, अर्धा डझन अंडी आणून ठेवलीत.