मापाची सायकल: ही पद्धत आली कुठून

दिवाळीनंतर मी सायकल बनवायला टाकली. विकत घेतली असं म्हणता येत नाही कारण ती अजून तयारच व्हायचीय, फक्त मापं गेलीत आणि ॲडव्हान्स गेलाय. ऑफिसमध्ये, बिल्डिंगमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, दुकानं भरून सायकली असताना बनवून कशाला घ्यायची, हे पैसेवाल्यांचं नवीन फॅड आहे का. आईला मात्र एका वाक्यात कळलं, म्हणाली, "म्हणजे रेडीमेड न घेता ब्लाऊज शिवायला टाकतात तसं ना?" अगदी तसंच. आणि ही पद्धत नवीन नाहीये, सायकलीइतकीच जुनी आहे, मधल्या काळात आपल्याकडून ती सुटली. ती कशी सुटली हे मला नीट मांडायचंय, कारण मापाची सायकल म्हणजे चैन असं ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं.

सुरुवात त्या उंच चाकाच्या सायकलीपासून करते, पुढचं चाक भलंमोठं आणि मागचं एवढुसं, पेनी फार्दिंग म्हणतात ती. १८७० च्या दशकात तीच सायकल होती. तिला चेन नाही, पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला, म्हणजे पायडलचा एक फेरा तर चाकाचाही एकच फेरा, मग वेग हवा तर चाक मोठं घ्या, पण किती मोठं घेणार? जितके तुमचे पाय लांब तितकंच. कुणाचं ४८ इंच, कुणाचं ५४, एखाद्या उंच माणसाचं ६० सुद्धा. त्यामुळे पायाचं माप दिल्याशिवाय सायकल घेताच यायची नाही. आजही आपण गियर इंचात मोजतो ना, म्हणजे पुढच्या चक्रीला ४६ दात, मागच्या चक्रीला २३ आणि २७ इंची चाक असेल तर ५४ इंचाचा गियर, तो आकडा त्याच काळातला आहे, ५४ इंच व्यासाच्या चाकाला थेट पायडल लावल्यावर एका फेऱ्यात जेवढं अंतर कापलं जाईल तेवढं.

मग १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली, दोन जवळपास सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला आणि पुढच्या काही वर्षांत आपण आज ओळखतो ती चौकटीची सायकल ठरून गेली. पडायची भीती कमी झाली, बायका सायकल चालवायला लागल्या, हे सगळं फार मोठं झालं. पण चेनमुळे पायाच्या लांबीचा आणि वेगाचा संबंध तुटला, सीट वरखाली केली की कोणीही बसू शकतं असं वाटायला लागलं आणि मग कारखान्यांना दोन-तीन साइझमध्ये हजारो सायकली काढणं सोपं झालं. माप इथे सुटलं.

आपल्याकडे पोचली ती हीच कारखान्याची सायकल. रॅले, हर्क्युलिस, बीएसए, फिलिप्स, सगळ्या इंग्लंडहून बोटीने. मुंबईत काळबादेवीच्या दुकानांत गिऱ्हाइकाला विचारायचे ते एवढंच, बावीस का चोवीस, म्हणजे सीटखालची उभी नळी किती इंची. २८ इंची चाकं, रॉडचे ब्रेक, आडवी नळी जमिनीपासून चांगली ८० सेंटीमीटरच्या वर. याच साइझच्या सायकली स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे बनायला लागल्या, मद्रासला १९४९ मध्ये टीआय, सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलस, लुधियानात १९५६ मध्ये हीरो. आणि आपल्या वरळीत हिंद सायकल, ती तर स्वातंत्र्याच्याही आधीपासून. मुंबईत सायकलचा मोठा कारखाना होता हे आज वरळीच्या टॉवरांकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही. हिंद सायकल आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्या १९८० मध्ये संसदेने कायदा करून सरकारी केल्या, पण तरी त्या टिकल्या नाहीत.

माझ्या आजोबांची सायकल हिंदचीच होती, काळी, बावीस इंची. मी तिच्यावर शिकले म्हणजे नळीच्या खालून पाय पलीकडे घालून, अंग तिरकं करून, अर्धं अर्धं पायडल मारत. आपल्या कितीतरी पिढ्या अशाच शिकल्या. सगळे ती आठवण प्रेमाने सांगतात आणि मलाही ती प्रिय आहे, पण तिचा अर्थ असा आहे की सायकल आपल्या मापाची नव्हती आणि आपण आपलं अंग तिच्या मापाचं करून घेतलं. लेडीज सायकलचंही तेच. आडवी नळी खाली वाकवली ती घागऱ्यासाठी, साडीसाठी, माप घेतलं ते कपड्यांचं. हाताची लांबी, खांदे, पाय हे कुणी मोजलंच नाही.

तिकडे इंग्लंडात मात्र कारखान्यांच्या बरोबरीने गल्लीतल्या फ्रेम बनवणाऱ्यांचा धंदा चालू राहिला, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण त्यांची गिऱ्हाइकं श्रीमंत नव्हती. कारखान्यात काम करणारी पोरं, रविवारी क्लबबरोबर शंभर-शंभर मैल जाणारी, ती पैसे साठवून मापाची फ्रेम घ्यायची. १८९७ मध्ये आल्फ्रेड रेनॉल्ड्सने बटेड नळीचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे टोकांना जाड आणि मधे पातळ, कारण जोर सगळा जोडावर येतो, मधलं लोखंड नुसतं वजन. १९३५ मध्ये त्यांची ५३१ नावाची नळी आली आणि पुढची कित्येक वर्षं चांगली फ्रेम म्हणजे ५३१ असंच समीकरण होतं. नळ्या जिथे मिळतात तिथे लग, म्हणजे लोखंडाची बाहीच म्हणा, ती चढवायची आणि तापवून पितळ नाहीतर चांदीचं मिश्रण सांध्यात सोडायचं. याला ब्रेझिंग म्हणतात. जास्त तापवलं तर पातळ नळी कमजोर होते, कमी तापवलं तर पितळ आत पसरत नाही, त्यामुळे सगळा खेळ हाताचा. डर्बीतलं मर्सियन १९४६ चं, लंडनचं काँडोर १९४८ चं, ही दुकानं त्याच परंपरेतली.

यातली एक गोष्ट मला फार लागते. रेनॉल्ड्स कंपनी ज्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स ग्रुपमध्ये होती त्याच ग्रुपच्या भागीदारीतून आपली मद्रासची टीआय उभी राहिली. म्हणजे एकाच घरातली चांगली नळी तिकडच्या क्लबच्या पोरांना मापाने कापून मिळाली आणि आपल्या वाट्याला बावीस का चोवीस आलं. आपल्याला टिकाऊ आणि स्वस्त सायकल हवी होती हे खरंच आहे, पण लांब, रिकाम्या रस्त्यावर दिवसभर चालवायची सायकल कशी असते हे आपल्याकडच्या कितीतरी लोकांना माहीतच झालं नाही. आणि लांब जाणारे आपल्याकडे होते हो! १९२३ मध्ये अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा मुंबईहून साथीदारांबरोबर निघाले आणि या तिघांनी जगाची फेरी पूर्ण करून १९२८ मध्ये परत मुंबई गाठली, साधारण ७१,००० किलोमीटर. हौस आपल्याकडे कधीच कमी नव्हती.

फ्रान्समध्ये वेगळीच मजा. तिथे रेसबरोबर लांब पल्ल्याचंही वेड, पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १८९१ पासूनची. रने एर्स, आलेक्स सिंगर असे कारागीर नुसती फ्रेम न देता अख्खी सायकल बनवून द्यायचे, मडगार्ड, दिवा, कॅरिअर, सगळं फ्रेमबरोबरच आखलेलं, मागाहून क्लॅम्पने लटकवलेलं काही नाही. १९३० च्या दशकात तिथे सायकलींच्या परीक्षा व्हायच्या, डोंगरातल्या खराब रस्त्यांवर चालवून आणायच्या आणि काही सैल झालं, तुटलं तर मार्क कापायचे. जपानात १९४८ मध्ये कैरिन नावाच्या, ट्रॅकवरच्या सायकल रेस सुरू झाल्या आणि तिथले पुरुष खेळाडू आजही एकेका कारागिराने त्यांच्या मापाने बनवलेल्या स्टीलच्या फ्रेमवर धावतात.

आता मुंबईकडे परत येते कारण इथे बनवून घेतलेली सायकल नव्हती असं अजिबात नाही, होती आणि आहे, फक्त आपण तिला कस्टम म्हणत नाही. दूधवाल्याची सायकल बघा. मागे दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायला जाड सळईचं कॅरिअर, पुढच्या चिमट्याला आधाराच्या जादा दांड्या, भरल्या वजनाने उभी राहील असा रुंद स्टँड. डबेवाल्याच्या सायकलला दोन्ही बाजूंनी डबे लटकतात. धारवाल्याची तर स्टँडवर चढवली की कारखानाच, पायडल मारलं की पट्ट्यावरून दगड फिरतो. पाववाला, इडलीवाला, रात्रीचा चहावाला, प्रत्येकाची वेगळी, आणि हे सगळं करून देणारा कुठल्यातरी गाळ्यातला वेल्डर, ज्याला धंदा काय, वजन किती, रस्ता कुठला एवढं सांगितलं की पुरतं. फ्रेंच कारागीर करायचा तेच काम हे, माझ्या मते त्याच मोलाचं. इथे माप ओझ्याचं घेतलं जातं. वर बसणाऱ्या माणसाचं घ्यायचं राहून गेलं, त्याच्या गुडघ्याचं, कंबरेचं कुणी विचारलं नाही.

जगातही मापाची फ्रेम मधे मागे पडली होती. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात जो ब्रीझने डोंगरासाठी म्हणून खास फ्रेम बनवल्या, त्यातून माउंटन बाइक वाढली, जाड नळ्या आल्या ज्या जुन्या लगमध्ये बसेनात, मग लगशिवाय नळीला नळी थेट जोडणारं टिग वेल्डिंग आलं. त्याचा फायदा असा की लगच्या ठरलेल्या कोनातून सुटका झाली, हवा तो कोन जोडा. पण पाठोपाठ ॲल्युमिनियम आणि कार्बन आलं. कार्बनची फ्रेम साच्यात बनते आणि साचा महाग असतो, म्हणून साइझ जितके कमी तितकं कंपनीला बरं. नव्वदच्या दशकात जायंट कंपनीसाठी माइक बरोजने उतरत्या नळीची फ्रेम काढली आणि टीशर्टसारखं स्मॉल, मीडियम, लार्ज सुरू झालं, बाकीचं सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बदलून भागवायचं. हाताने बनवणारे तरी टिकून राहिले आणि २००५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला फक्त हाताने बनवलेल्या सायकलींचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं, तिथून परत लोकांचं लक्ष गेलं.

आपल्याकडे साधारण त्याच सुमारास फायरफॉक्स वगैरे सायकल कंपन्यांमुळे गियरच्या बऱ्या सायकली दुकानात दिसायला लागल्या, मग ब्रेव्हे आल्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइड, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० चाळीस तासांत, मुंबई-अहमदाबाद हायवेवर पहाटे अंधारात दिवे लावून जाणारी माणसं दिसायला लागली. तासभर चालवताना न बोलणारी फ्रेम दहाव्या तासाला बोलते. माझी उंची पाच फूट. मला एका दुकानात स्मॉल साइझची रोड बाइक दिली, स्टेम छोटा लावून देतो मॅडम, फिट होईल म्हणाले, आणि पहिल्याच २०० ला चारोटीच्या पुढे दोन्ही हातांची बोटं बधिर, मान वळेना, शिवाय वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागत होतं. मला वाटलं माझीच ताकद कमी. नंतर वाचलं की हे टोक लागणं छोट्या फ्रेममध्ये ७०० चं, म्हणजे रोड बाइकचं नेहमीचं मोठं चाक कोंबल्यामुळे होतं आणि अमेरिकेत जॉर्जिना टेरीने १९८५ मध्ये बायकांसाठी सायकल कंपनी काढली तेव्हा पुढचं चाकच छोटं करून हा प्रश्न सोडवला होता. चाळीस वर्षं झाली त्याला!

पुण्यात सायनाइड बाइक्स हाताने माउंटन बाइकच्या फ्रेम बनवत आलेत, 'बांबूची' नावाची बांबूची सायकल आहे तीही पुण्याचीच. म्हणजे हे काम आपल्याकडे होतं, आपल्याच भाषेत बोलून होतं. मी ज्यांच्याकडे टाकलीय त्यांनी पहिल्या फोनला किंमत सांगितलीच नाही, आधी पाऊण तास प्रश्न. कुठे चालवता, पावसात चालवता का, घरी ठेवता कुठे, किती सामान, आधी काय दुखलं. मुंबईची खारी हवा आणि पाऊस म्हटल्यावर ते म्हणाले की स्टील आतून गंजतं, म्हणून नळ्यांच्या आत तेलकट कोट मारायचा आणि पाणी निघायला खाली भोक ठेवायचं. मडगार्डची भोकं फ्रेमलाच. पेव्हर ब्लॉक आणि खड्डे, म्हणून ३८ मिलिमीटरचा टायर बसेल एवढी जागा.

मापं घ्यायला दादाला बोलावलं. भिंतीला पाठ लावून, अनवाणी, दोन पायांत जाड पुस्तक घट्ट वर धरून जमिनीपासून पुस्तकाच्या कडेपर्यंत टेप, तीनदा. ६९ सेंटीमीटर. त्याला ०.८८३ ने गुणायचं, ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखला जाणारा हिशेब, म्हणजे क्रँकच्या मधापासून सीटच्या वरपर्यंत साधारण ६१, हा फक्त सुरुवातीचा आकडा, नंतर वरखाली होतो. मग हात, धड, खांद्यांची रुंदी. गेल्या आठवड्यात ड्रॉइंग आलं. चाकं ६५०बी साइझची ठरलीत, त्या फ्रेंच लांब पल्ल्याच्या सायकलींची, ७०० च्या रिमपेक्षा व्यासाला ३८ मिलिमीटरने कमी, आणि कागदावर बुटाचं टोक आणि टायर यांच्यामधे मोकळी जागा दाखवलीय. आईने ते ड्रॉइंग बघून विचारलं, मागे भाजीची पिशवी राहील ना. तेवढं कॅरिअर मी काल फोन करून वाढवून घेतलं.