व्यावसायिक वैमानिक व्हायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

आधी वैद्यकीय तपासणी, मग फी. उलट केलंत तर पस्तावाल. व्यावसायिक परवान्याला क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्र लागतंच. चष्म्याला घाबरू नका: चष्मा लावून एकेका डोळ्याने ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ दिसलं, तर आंतरराष्ट्रीय निकषात बसता. घोडं अडतं ते रंग ओळखण्यात. ठिपक्यांतला आकडा वाचायची इशिहारा चाचणी नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते, ती आजच करून घ्या. त्यात चुकलात तरी दार बंद होत नाही. विमानतळावरचे रंगीत दिवे बिनचूक ओळखता येतात का, याची वेगळी चाचणी असते.

तासांचा हिशेब

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे किमान निकष असे: वय १८ पूर्ण आणि उड्डाणाचे २०० तास, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून केल्यास १५०. यातले १०० तास (अभ्यासक्रमात ७०) पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन केलेले हवेत, त्यातले २० तास क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याच्या उड्डाणांचे. याच २० तासांत किमान ५४० किलोमीटरचं, म्हणजे ३०० नॉटिकल मैलांचं एक उड्डाण. देशागणिक नियम याहून कडक असू शकतात, म्हणून परवाना जिथे घेणार तिथली नियमावली समोर ठेवा.

या लांब उड्डाणात एक हमखास चूक होते. वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून विमान पूर्ण थांबवायचं असतं. घाईत टच-अँड-गो केलं, म्हणजे चाकं टेकवून लगेच वर उचललं, तर ते धरत नाहीत आणि अख्खं उड्डाण पुन्हा करावं लागतं, अर्थात स्वतःच्या खर्चाने.

लॉगबुकमधला, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीतला वेळ टॅकोमीटरवरून उतरवू नका. टॅकोचा आकडा इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना इंजिन मंद असलं की तोही रेंगाळतो आणि तुमचे तास कमी भरतात. उड्डाणासाठी विमान जागचं हललं तिथपासून ते शेवटी थांबेपर्यंतचा वेळ मोजायचा. खाडाखोड नको, व्हाइटनर तर नकोच: चूक एका रेघेने खोडा आणि शेजारी सही करा.

तास का वाढतात

किमान तासांत परवाना मिळेल असं धरून पैशांची जुळवाजुळव करू नका. हवामान तर आडवं येतंच, पण बहुतेकांचं घोडं लँडिंगपाशी अडतं. नजर नाकासमोरच्या जमिनीवर खिळते, मग फ्लेअर (टेकण्याआधी विमानाचं नाक हळूच वर उचलणं) लवकर किंवा उशिरा होतो. फ्लेअर सुरू करताना नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे हवी. अप्रोचला, म्हणजे धावपट्टीकडे खाली येताना पाच-दहा नॉट (ताशी नॉटिकल मैल) जास्त वेग ठेवला की विमान टेकायचं सोडून तरंगत राहतं. अशा वेळी यॉक (नाक वर-खाली करायचा दांडा) पुढे ढकललं की नाकाचं चाक आधी आपटतं आणि विमान उसळतं. तिथे हट्ट न करता पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला पूर्ण ताकद देऊन गो-अराउंड करा: लँडिंग सोडून पुन्हा वर चढा. परीक्षकही त्यालाच शहाणपण म्हणतो.

शाळा निवडताना विमानं किती, असं विचारू नका. आज उडण्याजोगी किती आणि विद्यार्थी किती, ते विचारा. दर १०० तासांच्या तपासणीला विमान हँगरमध्ये जातं, आणि एकच विमान असेल तर तुम्हीही जमिनीवरच.

लेखी विषय उड्डाण सुरू होण्याआधीच जमतील तितके उरका. मध्ये खंड पडला की हात बिघडतो, आणि तो पुन्हा बसवायला जादा तास जातात.

परवान्यानंतर

नुसत्या परवान्यावर एअरलाइनमध्ये बसता येत नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडण्याची परवानगी), मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानांची) आणि त्या-त्या प्रकारच्या विमानाचं टाइप रेटिंग वेगळं. रेडिओवरच्या इंग्रजीची, त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मोजपट्टीवर, किमान पातळी ४ हवी. कॅप्टन व्हायला एटीपीएल, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स: वय २१, तास १५००.

नोकरीची वाट पाहताना हात चालू ठेवा. प्रवासी घेऊन उडायला मागच्या ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग, असा नियम बऱ्याच देशांत आहे. मेडिकल संपण्याची तारीखही कॅलेंडरवर लिहून ठेवा.