पूल पडला तेव्हा पाऊस होता का?

५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवी पूल पडला. नंतरच्या सोमवारी आई आणि मामा बेतीहून फेरीबोटीने पणजीला कामाला गेले, एकत्रच गेले. आई म्हणते धो धो पाऊस होता आणि रांगेत दोन तास गेले. मामा म्हणतो पाऊस नव्हताच, अर्ध्या तासात पलीकडे पोचलो. पण पूल नाही आणि आता रोज असंच जायचं, ही धास्ती दोघंही अगदी एकसारखी सांगतात.

आता हेच सांगणं दुसऱ्या देशात आश्रय मागणाऱ्या माणसाचं आहे असं समजा. जीव घेऊन पळालेल्याकडे कागद फारसे नसतात, म्हणून तो जे सांगतो तोच मुख्य पुरावा, आणि ते सुद्धा दुभाष्यामार्फत, दोन-तीनदा, कधीकधी वर्षांच्या अंतराने. दोन जबाब जुळले नाहीत की शिक्का बसतो, विश्वासार्ह नाही! अमेरिकेत तर २००५ च्या कायद्याप्रमाणे मूळ मुद्द्याशी संबंध नसलेली विसंगती सुद्धा विरोधात धरता येते. मला हे फार चुकीचं वाटतं.

कारण २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेन हर्लिही आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या कोसोवो आणि बोस्नियाच्या ३९ निर्वासितांना तेच प्रसंग दोनदा विचारले, मध्ये काही आठवडे ते काही महिने गेले होते. त्यांना राहायची परवानगी आधीच मिळालेली होती, म्हणजे खोटं बोलून मिळवायचं काहीच नव्हतं, तरी उत्तरं बदलली. जास्त फरक बारीकसारीक तपशिलात पडला. आणि ज्यांना आघाताचा त्रास जास्त होता त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींतलं अंतर वाढलं तसा फरकही वाढला. म्हणजे ज्याने जास्त सोसलं तोच जास्त खोटारडा दिसायची शक्यता!

आठवण म्हणजे व्हिडिओ नव्हे, दरवेळी ती नव्याने जुळवली जाते. त्यात भीती असली की लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं, बंदूक दिसते, शर्टाचा रंग नाही दिसत. आणि तारखांचं तर विचारूच नका, आमची आजी कुठलीही गोष्ट चवथीच्या आधी की शिगम्यानंतर अशीच सांगायची, अफगाण माणसाचं तर वर्षच मार्चमध्ये सुरू होतं, ती तारीख इंग्रजी कॅलेंडरात बसवताना चुकणारच ना.

"नजर चोरत होता", म्हणजे खोटं बोलतो, यावरही जाऊ नये. २००६ मध्ये बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले, खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर निघाली, नाणं उडवलं तर ५०.

मग तपासायचंच नाही का? तपासायचं, नक्की तपासायचं. त्याचं गाव, तिथली त्या वेळची परिस्थिती, अंगावरच्या जखमांचा डॉक्टरी अहवाल, आणि मूळ घटना टिकते का ते. कुठे जुळत नसेल तर ते लिहून गप्प बसायचं नाही, त्यालाच समोर विचारायचं, तेव्हा असं म्हणालात, आज असं, कसं काय? आणि उत्तर द्यायला वेळ द्यायचा.