टायरीलीन नकाशावर का सापडत नाही

आयरिश लेखक पॅट्रिक मॅककेब यांची ‘ब्रेकफास्ट ऑन प्लूटो’ ही कादंबरी हातात घेतली की आयर्लंडच्या नकाशात टायरीलीन शोधावंसं वाटतं. शोधू नका, ते गाव काल्पनिक आहे. लेखकाचं स्वतःचं गाव क्लोनिस, मोनाहन परगण्यात, सरहद्दीला खेटून, टायरीलीनही तसंच. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. कित्येकांचं घर एका देशात आणि बाजार दुसऱ्या देशात गेला. बांद्या-सावंतवाडीच्या सोयऱ्यांकडे जायला गोव्याच्या सरहद्दीवर पात्रादेवीला कागद दाखवावे लागत, ते पोर्तुगीज अमदानीतले दिवस आठवणाऱ्या पेडणेकरांना हे वेगळं समजावायला नको.

नायिका पॅट्रिक ब्रेडन ऊर्फ ‘पुसी’. जन्माने मुलगा, मनाने बाई. गावच्या पाद्रीला घरकामाच्या कोवळ्या पोरीपासून झालेलं आणि दुसऱ्याच्या दारात सोडलेलं हे मूल. हा विनोद किती विखारी आहे ते कळायला त्या काळातला चर्चचा दरारा ठाऊक हवा. दक्षिणेकडच्या प्रजासत्ताकाच्या १९३७ च्या संविधानात कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ होतं. ते कलम काढायला १९७२ चं सार्वमत लागलं. लग्नाआधी आई झालेल्या मुलींना जोगिणींच्या देखरेखीखाली डांबलं जाई. मुलींना कोंडून कपडे धुवायला लावणारं तिथलं शेवटचं धोबीघर बंद झालं १९९६ मध्ये, म्हणजे कादंबरी येण्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी.

उत्तरेत कॅथलिकांना घरं, नोकऱ्या, मतदान सगळीकडे डावललं जात होतं. ऑक्टोबर १९६८ मध्ये उत्तरेतल्या डेरी शहरात याविरुद्ध निघालेल्या मोर्चावर लाठ्या पडल्या, पुढच्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सैन्य रस्त्यावर आलं आणि १९७१ पासून खटल्याविना तुरुंगवास सुरू झाला. ३० जानेवारी १९७२ रोजी सैनिकांनी डेरीतच निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी १३ जण मेले. त्यानंतर आयआरएकडे, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र आयरिश संघटनेकडे, तरुणांची रीघ लागली. बॉम्ब एकाच बाजूचे नव्हते, हेही ध्यानात ठेवायला हवं. १७ मे १९७४ रोजी ब्रिटननिष्ठ प्रॉटेस्टंट गटांनी डब्लिन आणि मोनाहनमध्ये स्फोट केले. मोनाहन हे मॅककेबच्याच परगण्याचं मुख्य शहर. तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

पुसी लंडनला पळते आणि आगीतून फुफाट्यात पडते. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमधल्या स्फोटांत २१ जण मेले आणि आठवड्याभरात दहशतवादविरोधी कायदा मंजूर झाला. नुसत्या संशयावरून सात दिवसांपर्यंत कोठडी. आयरिश बोली कानावर पडली तरी लोक वळून बघत. त्या स्फोटांसाठी सहा निरपराध आयरिश माणसांना जन्मठेप झाली; ती सुटली १९९१ साली. कादंबरीत पुसीलाही बॉम्बवाली म्हणून धरतात. तिचे कपडे म्हणजे वेषांतरच, अशी पोलिसांची खात्री! बाई असणं हेच तिचं खरं रूप, ही एकच शक्यता त्यांच्या डोक्यात येत नाही. मला हा पुस्तकातला सर्वांत काळा विनोद वाटतो.

कायदाही असाच फाटलेला. पुरुषांमधले समलिंगी संबंध इंग्लंडमध्ये १९६७ साली गुन्हा राहिले नाहीत, उत्तर आयर्लंडमध्ये मात्र राहिले. १९७७ मध्ये तिथले प्रॉटेस्टंट धर्मगुरू आणि पुढारी इयान पेस्ली यांनी ते तसेच राहावेत म्हणून सह्यांची मोहीमच उघडली. स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने १९८१ मध्ये चपराक दिली, तेव्हा १९८२ साली तिथला कायदा बदलला. दक्षिणेला १९९३ उजाडलं. एरवी कशावरच एकमत न होणारी दोन्हीकडची धर्मपीठं या मुद्द्यावर फार लांब नव्हती.

आपल्याकडचा वाचक इथे दशावतारातल्या राणीची आठवण काढेल. ती तुलना मला अपुरी वाटते. तिथे उजाडलं की लुगडं पेटीत जातं, पुसीचं जात नाही. त्यापेक्षा १९८५ ते ८७ चा गोव्यातला राजभाषेचा वाद आठवावा. कोंकणीवाला की मराठीवाला, एवढंच विचारलं जाई आणि मधलं उत्तर कोणालाच नको असे. टायरीलीनमध्ये हाच प्रश्न बंदूक रोखून विचारतात, आणि पुसी आपल्या लिपस्टिकबद्दल आणि आवडत्या गाण्यांबद्दल बोलत सुटते. पुस्तकाचं नावसुद्धा १९६९ च्या एका पॉप गाण्यावरून घेतलेलं आहे.

कादंबरी आली १९९८ मध्ये. त्याच एप्रिलमध्ये बेलफास्टचा शांतता करार झाला. ऑगस्टमध्ये उत्तर आयर्लंडमधल्या ओमा गावच्या बाजारात स्फोट होऊन २९ माणसं गेली. आणि त्या वर्षीच्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत पुसीची कहाणी होती.