रिपोर्ट नॉर्मल आला, मग थायरॉईडची गोळी बंद?

‘टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) नॉर्मल आला की गोळी थांबवा, नाहीतर सवय लागते.’ पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे. तापाची गोळी आपण अशीच थांबवतो. पण इथे थायरॉईड ग्रंथी जे हार्मोन पुरेसं बनवत नाही, तेच गोळीतून मिळतं. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. बंद केल्यावर लगेच काही जाणवत नाही, कारण शरीरातलं औषध निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात. फसगत होते ती इथेच. गोळी सुरू होण्याआधीचा रिपोर्ट आणि आत्ताचा, दोन्ही शेजारी ठेवून बघा. डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी, स्थिरावल्यावर वर्षातून एकदा. बाळंतपणानंतरचा थायरॉईडचा त्रास कधीकधी तात्पुरता असतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. आणि हो, सकाळचा चहा गोळीनंतर निदान अर्ध्या तासाने!